मावशींच्या आमटीतलं विष

शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द सांभाळून घ्या, माझी शाळा चौथीतच सुटली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्यात एकाच खानावळीत जेवणारे आम्ही पाच मित्र मिळून खुनाची कादंबरी लिहीत होतो. दर रविवारी एकाने वहीत प्रकरण लिहून आणायचं आणि जेवताना वाचायचं. आमटीत विष घालून कुणीतरी इनामदाराला मारलं होतं. पण हुशारी दाखवायला प्रत्येक जण आधीच्याचा संशयित निर्दोष ठरवायचा. चौथ्या प्रकरणाअखेर उरली फक्त स्वयंपाकीण. शेवटचं प्रकरण माझं होतं.

चौथं प्रकरण ऐकून वाढता वाढता खानावळीच्या मावशी थांबल्या.

"म्हंजे खून म्या केला व्हय?"

"नाही मावशी, ती गोष्टीतली बाई," मी पुटपुटलो.

"आन् आमटी कुनाची? ही वही गावभर फिरनार. मग हितं जेवाया कोन येनार?"

मावशींनी डोळ्यांना पदर लावला आणि आमटीचं पातेलं आत नेलं. आम्ही कोरडा भात गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खानावळीत जाऊन मावशींना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. इनामदार मेलाच नव्हता. आमटी आवडली म्हणून सात वाट्या प्यायला आणि चार प्रकरणं गाढ झोपला होता.