दारावर दोनदा

वैष्णवी : मम्मी, गाडी मागं सरकतेय!

योगिता : हँडब्रेक ओढलाय गं, गप बस. अहो, भर घाटात दार कशाला वाजवलंत?

नवनाथ : अगं, पोरीला खालचा ओढा दाखवत होतो. हात आपसूक गेला.

योगिता : एकदा वाजवलं की थांब, दोनदा वाजवलं की चल. मळ्याच्या रस्त्यावर तुम्हीच शिकवलंत ना? दार वाजलं, माझा पाय गेला ब्रेकवर. पडली बंद!

नवनाथ : चुकलं माझं. टेम्पोवर क्लीनर होतो तवापासूनची खोड ती.

वैष्णवी : मागचे ट्रकवाले काका हॉर्न देतायत.

नवनाथ : देऊ दे. हॉर्ननं घाट चढत असता तर इंजिन कशाला लागलं असतं?

योगिता : मला नाही जमायचं. तुम्ही बसा इकडं.

नवनाथ : या प्लास्टरच्या हातानं? गिअर काय दातानं टाकू?

योगिता : मग केरूभाऊजींना बोलवा. ते म्हणतच होते, वहिनीच्या हातात घाट देऊ नका.

नवनाथ : केरू येईल गं. दिंडोरीवरनं धावत येईल. पण आज तू उतरलीस तर पुन्हा स्टेअरिंगला हात लावणार नाय. ओळखतो मी तुला.

योगिता : नाही लावला तर काय बिघडणार आहे?

नवनाथ : लय बिघडणार. सगळा मुलूख मी एकट्यानं बघितला. द्राक्षाचे क्रेट भरून न्यायचे, रिकामे आणायचे. पोरांना कधी एक डोंगर दाखवला नाय. हात मोडला म्हणून सुट्टी मिळाली, आणि तू होतीस म्हणून निघालो.

वैष्णवी : मम्मी, पाणी जिथं दोन्हीकडं वाटलं जातं, तो माथा वरच आहे. सकाळी जाताना धुकं होतं, काहीच दिसलं नाही. मी पुस्तकात वाचलंय, पण मला डोळ्यांनी बघायचंय.

योगिता : रुद्र्या उठला का?

वैष्णवी : नाही, घोरतोय.

योगिता : बरंय. कुणाला तरी माझी भीती दिसली नाही.

नवनाथ : हे बघ, मी उतरतो. चाकामागं दगड लावतो, मग गाडी मागं यायची नाय. पहिला गिअर टाक. क्लच हळू सोड. गाडी थरथरली की हँडब्रेक खाली.

योगिता : मागं उभे राहू नका!

नवनाथ : बाजूला हाय, दारापाशी. ओ दादा, थांबा जरा! उस्ताद गाडी उचलतायत!

वैष्णवी : उस्ताद कोण?

नवनाथ : क्लीनर ड्रायव्हरला उस्ताद म्हणतो, बाळा. योगिता, मी वाजवल्याशिवाय सोडू नको.

(दारावर दोन थापा.)

वैष्णवी : चढली! मम्मी, चढली! अगं, पण पप्पा खालीच राहिले!

योगिता : राहू देत! आता थांबले तर पुन्हा बंद पडेल. माथ्यावरच थांबते.

वैष्णवी : ते हसतायत. दगड पायानं कडेला सारतायत... ट्रकवाल्या काकांनी त्यांना आत घेतलं!

योगिता : रस्त्याकडं बघू दे मला. अजून एक वळण आहे.

*

नवनाथ : लय साफ उचलली! ट्रकवाला मला विचारतो, कोण हाय हो गाडीवर? म्हटलं, आमची बायको. छाती अशी फुगली म्हणून सांगू!

योगिता : पुरे. पोरं ऐकतायत.

नवनाथ : ऐकू दे. त्यासाठीच आणलंय त्यांना.

वैष्णवी : रुद्र, ऊठ, इकडं बघ! ही अर्धी बाटली या उतारावर. हे पाणी पश्चिमेच्या समुद्राला जाणार. आणि ही अर्धी इकडं. हे गोदावरीला, मग पार पूर्वेच्या समुद्राला. एकाच बाटलीतलं!

योगिता : खरंच गं? एवढ्याशा जागेवरून?

वैष्णवी : पप्पा, तुम्ही इथून किती वेळा गेलात?

नवनाथ : मोजलं नाय. पण हे मला आज कळलं. थांब, केरूचा फोन हाय. हां, बोल... चढलो की. नाय, नाय, तू नको येऊस. का म्हणजे? उस्ताद हाय ना आमच्या गाडीवर. मी क्लीनर... हसतोस काय? ये संध्याकाळी, तुला पण शिकवतील. ठेव.

योगिता : तुम्ही पण ना! चला, बसा सगळे. रुद्र, खिडकीपाशी सर.

नवनाथ : बसलो. निघ की मग. कशाला थांबलीस?

योगिता : दार कुठं वाजवलंत अजून?