मागच्या दाराने आलेल्या पोरी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या माजी सदस्यांच्या प्रमुख श्रीमती डिट्रिख, राष्ट्रीय कार्यालयातून मुद्दाम नेब्रास्कापर्यंत आलेल्या श्रीमती व्हिटकोम, जमलेले आईवडील आणि माझ्या सगळ्या पोरींनो,

बावीस वर्षं मी कॉलेजच्या मुलींच्या या सोरोरिटीच्या घरात स्वयंपाक करते. भाषणाला मात्र आज पहिल्यांदाच उभी आहे, कारण आपल्या शाखेची अध्यक्ष कोरिन हॅलडेन पदवी घेऊन निघाली. तिच्याविषयी चांगलं बोला, असं मला बजावलंय. मी खरं बोलते, चांगलं त्यातून निघेलच.

गेल्या ऑगस्टात या घरात किती मुली होत्या? पलंग चाळीस आणि मुली अकरा! त्यात राष्ट्रीय कार्यालयाचं पत्र आलं, एप्रिलपर्यंत तीस सदस्य झाल्या नाहीत तर शाखा बंद आणि घराला कुलूप. व्हिटकोमबाई, खाली सही तुमची होती, पण आज तुम्ही पाहुण्या आहात, म्हणून पुढे जाते.

नव्या मुली घरं बघत फिरतात, त्या आठवड्यात दारात सगळ्या सदस्यांनी दाटीवाटीने उभं राहून गाणी म्हणायची आपली रीत. अकराजणींनी दार भरणार कसं? कोरिनने शक्कल लढवली. पाहुणीशी दोन शब्द बोलायचे, माझ्या स्वयंपाकघरात पळायचं, फ्रॉक बदलायचा, मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि पुढच्या दाराने दुसरीच सदस्य म्हणून हजर! माझ्या ओट्यावर त्या दिवशी पिठापेक्षा फ्रॉक जास्त होते.

तासभर जमलं. मग प्रिसिला ओर्टेगा नावाची एक मुलगी कोरिनला भर दिवाणखान्यात म्हणाली, "अगं, मघाशी निळ्या फ्रॉकमध्ये तूच मला तुझ्या कुत्र्याचं कौतुक सांगितलंस ना? आता म्हणतेस, कुत्र्यांची भीती वाटते!"

सगळीकडे हशा. दुसऱ्या दिवशी कॉलेजभर बोभाटा. कोणती मुलगी कोणत्या घरात जाणार याची यादी आली, तिच्यात आपल्याकडे यायला एकही नाव नव्हतं.

कोरिन माझ्या पिठाच्या पोत्यावर बसून रडली. "मिस मार्लीस, शहाऐंशी वर्षांचं घर मी बुडवलं."

मी म्हटलं, "रडायचं तर कांदे चिर, निदान जेवण तरी होईल."

तेवढ्यात मागचं दार वाजलं. बघते तर प्रिसिला! "पहाटे पाचला हॉस्पिटलात शिकायला जाते, बाकीच्या घरांचे कार्यक्रम मला जमले नाहीत. तुमच्याकडे जागा आहे?"

"जागाच जागा आहे," कोरिन नाक पुसत म्हणाली. "आम्ही फक्त अकरा आहोत. खोटं बोललो."

"ठाऊक आहे. म्हणून तर आले. इतक्या धडपडीने घर वाचवणाऱ्या मुली मला दुसरीकडे दिसल्या नाहीत. जेवायला काय आहे?"

राजमा-खिम्याची तिखट चिली होती आणि दालचिनीचे गोड रोल. आपल्या नेब्रास्कात या दोघांचं लग्न लागलेलंच असतं. त्या रात्री कोरिनने ठरवलं, नाटक बंद. दर सोमवारी मागचं दार उघडं, ज्या कपड्यांत असाल त्यात या आणि जेवा. ज्यांना त्या आठवड्यात कोणी विचारलंच नव्हतं, त्या आल्या. बँडमधल्या ट्रंपेटवाल्या, गोठ्यातून थेट बूट घालून आलेल्या शेतकी विभागाच्या, दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेल्या. काही नुसत्या रोलसाठी आल्या आणि राहिल्या. कोरिन प्रत्येकीला आधीच सांगायची, "घर बंदही पडेल, विचार करून हो म्हण." तरी त्या हो म्हणत गेल्या. मला अभिमान वाटला, आजही वाटतो.

एप्रिलमध्ये व्हिटकोमबाई मोजायला आल्या. मुली रीतीप्रमाणे दारात उभ्या राहून गाऊ लागल्या. बाई पायरीवर ताटकळत उभ्या, आत येईनात, कारण दारात शिरायला जागाच नव्हती! शेवटी मी ओरडले, "बाई, मागून या!" स्वयंपाकघरातून आत येऊन त्यांनी मोजलं, सदतीस. बाईंनी दोनदा मोजलं, मग चष्मा काढून डोळे टिपले. नाही म्हणू नका, मी शेजारीच होते.

कोरिन, तू खोटं बोललीस तेव्हा घर रिकामं राहिलं आणि खरं बोललीस तेव्हा भरलं. पोरी, तुझ्याशिवाय हे घर आज नसतं.

अध्यक्षबाईंचे, पाहुण्यांचे आणि माझं बोलणं निमूट ऐकून घेणाऱ्या सर्वांचे आभार. काही अधिकउणं बोलले असेन तर बावीस वर्षांच्या जेवणाकडे बघून पोटात घाला. आणखी एक चूक आत्ताच कबूल करते. मला साठ ताटं सांगितली होती, मागच्या दाराने पोरी अजून येताहेत. जेवण कमी पडणार आहे. या घरात बऱ्याच वर्षांनी कमी पडतंय, तेव्हा मला माफ करा आणि थोडं थोडं वाटून घ्या.