दुसऱ्या कपाची किटली

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या कारखान्याचे मालक फेर्मिनसाहेब, व्यासपीठावरचे फादर, सत्कारमूर्ती ओदालिसबाई, मागे अकॉर्डियन मांडीवर घेऊन माझं भाषण संपायची वाट बघणारे वादक, आणि बंधुभगिनींनो,

ओदालिसबाई आज निवृत्त होताहेत. आपल्या सान्तियागोत असं एक घर दाखवा, जिथे सकाळी त्यांनी घडवलेल्या किटलीत कॉफी उकळत नाही! नाही ना? मग त्यांची ओळख करून देण्याचा आगाऊपणा ओतशाळेत धातू ओतणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने कशाला करावा?

एक गोष्ट मात्र सांगतो. साहेबांच्या पत्नी, आपल्या लूसवहिनी, वारल्या त्या वर्षी साहेबांनी हुकूम काढला, "एका कपाची किटली करा. हल्ली माणसं एकटी राहतात." बाईंनी केली. देखणी, चिमुकली. दुकानांत धूळ खात पडली. का बरं? बाई स्वतः नाक्यावरच्या दुकानात जाऊन बसल्या, तेव्हा उलगडा झाला. एका आजींनी ती उचलली, आत डोकावल्या आणि दुकानदारावर खेकसल्या, "एकच कप? मग शेजारीण आली तर तिनं माझं तोंड बघत बसायचं? आमचं काही भांडण नाही हो!"

साहेब चिडले. पुढचा नमुना पडला तर बाईंचा नमुन्यांचा विभागच बंद, असं बजावलं. बाईंनी तीच किटली पोटात जराशी फुगवून दोन कपांची केली. मूठ लांबवली, कुंपणावरून शेजारणीच्या कपात ओतता यावं म्हणून. आणि थेट साहेबांच्या खोलीत जाऊन कॉफी केली.

"मी एकटा माणूस," साहेब म्हणाले, "दुसरा कप कशाला?"

"एकट्या माणसालाच दुसरा कप लागतो," म्हणत बाई समोरची खुर्ची ओढून बसल्या. "साखर घाला. आणि हात आखडू नका."

ती किटली किती खपली, हे तुम्ही जाणताच. पण तेव्हापासून साहेब रोज भोंग्याच्या आधी येऊन बाईंबरोबर कॉफी घेऊ लागले, हेही आपण जाणतो. हसू नका, फादर बसलेत! मला तर त्या दोघांना तिथे बसलेलं बघून फार बरं वाटायचं.

म्हणून अध्यक्षमहाराज, सभेच्या वतीने नम्रपणे विचारतो. उद्या सकाळी बाई येणार नाहीत. तुम्ही काय करणार? त्यांना एकदाचं विचारणार आहात की नाही?

काय म्हणता, बाई? जरा मोठ्याने... विचारलं? आज सकाळीच? मग तुम्ही काय म्हणालात?

"आधी याचं भाषण होऊ दे"?

मंडळी, म्हणजे मीच आडवा आलोय! सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. बाई, झालं माझं. द्या त्यांना उत्तर.