तळघरातल्या बाटल्या कोण फोडतं

दिनांक ९ जून २०२५, सकाळी ११.१०. पुणे शहर.

मी, उत्कर्षा कोंडीराम झेंडे, वय ४३ वर्षे, धंदा द्राक्षशेती व वाइन तयार करणे, राहणार सासवड रस्ता, हडपसरच्या पुढे, पुणे. पोलीस ठाण्यात आपणहून हजर राहून, विचारल्याप्रमाणे जबाब देते की,

वरील पत्त्यावर आमचा सहा एकर द्राक्षमळा आहे. आजोबा धोंडिबा यांनी तो लावला. वडील कोंडीराम यांनी रासायनिक औषधं कायमची बंद केली आणि स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, सुरू केली. वडील ११ जानेवारीला वारले. त्यांनी स्वतः छाटलेल्या वेलींचा शेवटचा माल म्हणजे तळघरातल्या दोन हजार बाटल्या. तसा माल पुन्हा होणार नाही. म्हणून आले आहे, हौस म्हणून नाही.

मळ्यावर मी, आई यमुनाबाई, वय ७१, आणि थोरला भाऊ संतोष, वय ४७, असे तिघे राहतो. संतोषशी माझं चौदा महिने बोलणं नाही. वेलींवर रोग आला तेव्हा त्याला रासायनिक फवारणी करायची होती, मी पंप बंद केला. तेव्हापासून निरोप आईमार्फत जातात. शेजारी बसून जेवतो, तरी मीठसुद्धा आईकडूनच मागायचं.

२३ मेपासून रोज सकाळी तळघरात दोन-तीन बाटल्या फुटलेल्या सापडतात. आजपर्यंत एक्केचाळीस. तळघराच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक संतोषकडे. मी फोडत नाही. मग राहिलं कोण? हवालदार मॅडमनी विचारलं, बाटली आपोआप फुटते का. फुटते. आत वायूचा जोर असतो, वर्षाला पाच-सात जातात. एक्केचाळीस जात नाहीत. तिसरी पिढी आहे, एवढं कळतं मला.

संतोष फुटलेल्या काचांचे फोटो काढताना मला दोनदा दिसला. कशाला हवेत फोटो? एप्रिलमध्ये कोठीतलं सेंद्रिय साखरेचं एक पोतं बरंचसं रिकामं सापडलं, ते मी रिकामं केलेलं नाही. आणि तीन दिवसांपूर्वी त्याने तळघराला नवीन कुलूप लावलं. किल्ली मला दिली नाही, आईलाही नाही. आज साडेदहाला मी कुलूपवाला बोलावून ते तोडून घेतलं आणि तडक इकडे आले. दार उघडंच आहे. माझ्याच मळ्यात मी किल्ली मागत फिरू का?

साखर कशाला लागते, असं विचारल्यावरून सांगते. वाइन बाटल्यांत भरण्याआधी टाकीत मोजून साखर घालतात, तिच्यामुळेच बाटलीत बुडबुडे तयार होतात. ते प्रमाण वडील कोणाला सांगत नसत. दार लावून एकटेच घालत. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, या टाकीला छत्तीस किलो. म्हणाले, "पोरी, हे तुझ्यापाशीच राहू दे. दादाला सांगायचं नाही." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? १४ एप्रिलला संध्याकाळी मीही दार लावून घेतलं आणि वेगळ्या पोत्यातली साखर घातली.

यावर मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमचे भाऊ सकाळी नऊला येऊन गेले. त्यांचा अर्ज आहे, तुमच्याविरुद्ध." तो त्यांनी वाचून दाखवला. त्यात लिहिलं आहे की, बहीण डूख धरून बाटल्या फोडते, फोटो सोबत जोडले आहेत. साखरेचं पोतं तिनेच हलवलं. वडिलांनी फक्त आपल्याला सांगून ठेवल्याप्रमाणे छत्तीस किलो साखर आपण स्वतः १५ एप्रिलला पहाटे टाकीत घातली, मालात काही दोष नाही. आई रोज बारा वाजता आपल्याकडची किल्ली घेऊन तळघरात जाते आणि तळाचा गाळ सुटावा म्हणून एकेक बाटली हाताने हलवते, बहिणीने तडकवून ठेवलेल्या बाटलीची काच तिच्या अंगावर उडू नये म्हणून कुलूप लावलं आहे.

साखरेचं वाक्य मी मॅडमना पुन्हा वाचायला लावलं.

छत्तीस आणि छत्तीस, बहात्तर. त्या जोरात कुठलीही बाटली हातात फुटू शकते. भिंतीवरच्या घड्याळात बाराला आठ मिनिटं कमी होती.

मी इथूनच संतोषला फोन लावला. "दादा, आई कुठंय? तळघर उघडं आहे, कुलूप मी तोडलं. साखर आपण दोघांनी घातली रे!" त्याच्या पळण्याचा आवाज आला. मग आईचा आवाज आला, "अरे, हात काय ओढतोस माझा? दोनच रांगा झाल्यात." म्हणजे ती लवकर गेली होती. मग म्हणाली, "फोनवर कोण आहे?"

तो म्हणाला, "उत्कर्षा."

"तुझ्याशी बोलतेय?"

एवढंच विचारून आई रडायला लागली. मीही इथे टेबलावर डोकं टेकून रडले. तेही लिहा, असं मी सांगितलं.

वडिलांबद्दल काही सांगायचं आहे का, असं विचारलं. नाही.

संतोषविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याच्याबद्दलचा वरचा मजकूर खोडा म्हटलं, तर खोडता येत नाही असं कळलं. म्हणून खाली लिहून देते की, बाटल्या आम्ही दोघांनीच फोडल्या. हा सगळा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना लाज वाटली, पण त्यातलं एक अक्षरही चुकलेलं नाही.