कधी, किती वेळा, केवढ्यानं

— नाही नाही, ती खाली ठेव. बारा बटणांची ती. आत शिरणारा प्रत्येक जण आधी तीच उचलतो, आणि आठ दिवसांनी परत घेऊन येतो, तोंड असं करून, जसं काही मीच त्याला फसवलं. वाजवायचं राहतं बाजूला, माणूस बटणंच दाबत बसतो. ठेव. आणि त्या स्टुलावर बस, त्याचा एक पाय आखूड आहे, भिंतीकडं रेलून बस. मुलगा बाहेर गेलाय, नातही गेलीय, येतील अर्ध्या तासात. तोवर मी आहे. हसतोस काय? म्हातारीला काय कळतंय गिटारमधलं, हेच ना? अरे, पांढरा कोट घालून तू दातांचा डॉक्टर झालास, मी लुगड्यातच शिकले हे सगळं. तुला अरे-तुरे केलेलं चालतं ना? नातीच्या वयाचा दिसतोस. — मग झालं तर.

गिटारला जोडायची, मारलेला सूर परत ऐकवणारी डबी हवी, असंच म्हणालास ना? हं. तर त्यात तीन जाती. एक आमच्या ह्यांच्यासारखी — गेले बिचारे, पण गोष्ट सांगायला बसले की पहिल्यांदा खणखणीत, दुसऱ्यांदा जरा मऊ, तिसऱ्यांदा कडा झिजलेल्या, चौथ्यांदा नुसतं हं हं हं, आणि मग घोरणं. ती जुन्या पद्धतीची डबी. दुसरी माझ्या नणंदेसारखी — चाळीस वर्षांपूर्वी टाकलेला टोमणा आजही त्याच सुरात, त्याच शब्दांत, एक कानामात्रा इकडचा तिकडं नाही. ती नव्या पद्धतीची. तिसरी माझ्या दिरासारखी, म्हणजे दिवे लागल्यानंतरच्या दिरासारखी — सांगतो तेच, पण डुलत डुलत. कुणाला कोण आवडेल सांगता येत नाही. नणंदेलाही नवरा मिळालाच की.

आणि खुंट्या तीनच बघायच्या. वर काय लिहिलंय ते मला विचारू नकोस, मला अक्षर येत नाही. पण पहिली म्हणजे कधी — तू बोललास, त्यानंतर किती वेळानं तिनं बोलायचं. दुसरी म्हणजे किती वेळा. तिसरी म्हणजे केवढ्यानं. संपलं. कुणालाही उत्तर देताना एवढ्याच तीन गोष्टी बघायच्या असतात, माणसं त्याही धड बघत नाहीत. — कुठली घेऊ? थांब की. कुठली घ्यायची ते असं उभ्या उभ्या नाही कळत. बसलायसच तर ऐक.

एक होतं आटपाट दुकान, असंच, जिना चढून वर. त्यात राहायचा एक मेकॅनिक, त्याची एक लेक आणि एक म्हातारी. मेकॅनिक लोकांचे अँप, ते गिटारचा आवाज मोठा करणारे, दुरुस्त करायचा, लेकीला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि म्हातारी — म्हातारी म्हणजे म्हातारी, ती काय करणार, धूळ पुसायची. बाप-लेक दोघंही गिटार वाजवायचे, जोडीनं. लेकीचा हात हलका. बापाचा हात म्हणजे — अरे, चांगला वाजवायचा, कुणी नाही म्हणत नाही, पण त्याला रिकामी जागा बघवायचीच नाही. तिनं जरा श्वास घेतला की ह्यानं त्या श्वासात सतरा सूर कोंबलेच. घरातही तसंच, पेटी भरायला बसला तर झाकण लागायचं नाही. एक दिवस जेवताना भिंगरीचा बांध फुटला. म्हणाली, बाबा, तुमच्यापेक्षा एक डबी बरी, ती निदान मी वाजवलेलंच परत म्हणते, आणि बटण दाबलं की गप्प तरी बसते.

झालं! मेकॅनिकनं हात धुतले आणि उठला. दुसऱ्या दिवशी ती खरंच काउंटरपाशी येऊन उभी — सगळ्यात वरच्या फळीवरची ती निळी डबी द्या म्हणून. तो म्हणाला, गिऱ्हाइकांना विकीन, चोराला विकीन, पण माझ्या जागी बसणारी डबी माझ्याच लेकीला माझ्याच दुकानातून? मग अबोला. चार महिने! एका घरात, एका दुकानात, ह्या एवढ्याशा खोलीत. सून, भिंगरीची आई, आपली शाळेत शिकवायची, घरी येऊन दोघांना एकेक तास उपदेश करायची, दोघंही मान डोलवायचे आणि पुन्हा गप्प. सगळे निरोप म्हातारीतर्फे. आजी, त्यांना सांग, तार संपलीय. आई, तिला सांग, डोळे उघडून बघ, खालच्या खणात आहे. आजी, त्यांना सांग, इतका हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही. आता हे असंच्या असं कोण सांगणार? मी जरा थांबायची, दोन भांडी घासायची, आणि मग सांगायची, ती म्हणतेय तू दमलेला दिसतोस. तो म्हणायचा, तिला सांग, माझी काळजी करायची नाटकं नकोत. मी पुन्हा थांबायची, आणि म्हणायची, जेवायला ये म्हणतोय. म्हणजे बघ, त्या डबीचं सगळं काम — हां, म्हणजे त्या म्हातारीचं. म्हातारीचंच चाललंय. बरं, मीच ती, तुला काय करायचंय? दात दाखवू नकोस.

तर त्या घरात डबी मीच होते. कडा घासून परत सांगणारी, जुन्या पद्धतीची. म्हणून मला पटकन कळलं, भिंगरीला नणंदेसारखी नको, ह्यांच्यासारखी हवी. दुपारी त्याचा डोळा लागला की मी खुर्चीवर चढायची — हो, ह्या वयात — एकेक डबी खाली घ्यायची, भिंतीवरच्या त्या गिटारची एक तार छेडायची आणि कान देऊन बसायची. आवाज अगदी बारीक ठेवून. सहा डब्या ऐकल्या. निळीच खरी निघाली, पोरीचा कान माझ्यावर गेलाय. तिचं खोकं फळीवर तसंच ठेवलं, आत त्याची जुनी पक्कड टाकली वजनाला, आणि डबी दिली नातीच्या हातात. तो दोन महिने ते खोकं झटकत होता, पक्कड सगळ्या घरात शोधत होता.

वाजवायला घेतली तर पोरीनं आधी सगळा गाळच केला. खरखर करणारी दुसरी डबी असते ना, तुझ्याकडंही असेल, ती तिनं हिच्यानंतर जोडलेली. म्हणजे ही शांतपणे एकेक सूर परत सांगतेय आणि ती पुढं बसून सगळ्या सुरांचं एकत्र भरीत करतेय. मीच सांगितलं, आधी ओरडून घे, मग त्याचा घुमारा उठू दे, घुमाऱ्यानं कधी ओरडू नये. उलटं जोडलं, झालं स्वच्छ. हे ध्यानात ठेव, खरखरवाली आधी, ही नंतर. आणि खुंट्यांच्या जागा तिला गडबडीत सापडायच्या नाहीत, म्हणून सुनेच्या नेलपॉलिशनं मी ठिपके दिले. आकडे येत नाहीत मला, पण घड्याळाचे काटे कुठं असतात ते कळतं. पहिली खुंटी नऊ वाजता, दुसरी दहाला, तिसरी साडेदहाला. लाल ठिपके. आजही झोपेतून उठवून विचार, सांगेन. माझं तसंच आहे, लग्नात कुणी कुठं बसलं होतं तेही सांगेन.

मग आलं ते नदीकाठचं हॉटेल. तिथं दर शनिवारी संध्याकाळी वाजवायला कायमचं माणूस हवं होतं, रविवारी चार वाजता ऐकायला बोलावलं. भिंगरीनं आधीच दोन ठिकाणी ऐकवलं होतं, दोन्हीकडं म्हणाले, छान आहे, पण एकटीचं फार रिकामं वाटतं. बापाशिवाय रिकामं वाटतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं, पण मान खाली घालेल तर ती त्याची लेक कसली! म्हणाली, आजी, इथंही जमलं नाही तर गिटार विकून टाकते, आणि तुझ्या मुलाला सांग, जिंकलात. हे मात्र मी सांगितलं नाही. कसं सांगणार? हे कितीही घासलं तरी ह्याची धार जाईना.

रविवारी दुपारी मी सगळं सामान पुसायला घेतलं. ह्या दुकानात सगळं स्पिरिटनं पुसतात, तो अँपच्या आतल्या पाट्या पुसतो त्यानं, मी काचा पुसते, एकदा सुनेचा चष्माही पुसला. डबी चिकट झाली होती, घेतला बोळा, फिरवला — आणि बोळा लाल! नेलपॉलिश ते, स्पिरिटपुढं कुठलं टिकायला. ठिपके गेले. मग काय, ठेवून दिली पिशवीत, खुंट्या कुठं राहिल्या, कुठं नाही, म्हातारं माणूस, हात थरथरतात —

अँप जड, तो उचलायला मेकॅनिक आला. म्हणाला, आई, तिला सांग, अँप माझा आहे, मी अँपसाठी आलोय. आणि जाऊन उभा राहिला पार मागं, दाराशी. मी पुढं तिसऱ्या खुर्चीवर. टायवाले मॅनेजर हातात घड्याळ धरून. भिंगरीनं पायानं डबी चालू केली, पहिला सूर मारला. गेला. आणि काहीच नाही. तिनं खाली बघितलं. तेवढ्यात, अरे, हॉलच्या दुसऱ्या टोकाहून कुणी ओ द्यावी तसा तो सूर परत आला! इतक्या उशिरा! ती दचकली, पण थांबली बघ. पहिल्यांदाच थांबून ऐकलं तिनं. दुसरा मारला, तिसरा मारला. पण दुसरी खुंटी होती अशी चढलेली की गेलेला सूर काही जायलाच तयार नाही. पहिला आहेच, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, पाव्हणे आले आणि कुणी उठेचना, तशातली गत. बघता बघता सगळ्याची मिळून एकच बोंब सुरू झाली, वाढतेय, वाढतेय, मॅनेजरांनी कानांत बोटं घातली. पोरीनं पाय उचलला, आता दाबणार आणि बंद करणार — तर मागून आवाज: बंद करू नको! वाजव!

चार महिन्यांत तिला थेट बोललेला पहिला शब्द. तोही ओरडूनच, पण असू दे.

धावत आला अरे तो, एवढं धूड, पट्ट्यात स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला, आणि बसला तिच्या पायाशी उकिडवा. दुसरी खुंटी जराशी उतरवली, बोंब खाली आली. पहिली फिरवली तर तीच बोंब अशी सुरात घसरत गेली — रस्त्यावरनं गाडी जवळ येऊन लांब जाते ना, तशी. लोकांना वाटलं, असंच आहे ते, बसवलेलं. कुणीतरी वा म्हणालं. आणि मग ती एक सूर द्यायची, हा तो हातात धरून लांबवायचा, मऊ करायचा, विझवायचा, मग ती पुढचा द्यायची. ज्या माणसाला जन्मात जागा सोडता आली नाही, त्याच्या हातात तीनच खुंट्या, तार एकही नाही! ती काही देईल तेव्हाच ह्याला बोलता येणार. बसला की गप! वाट बघत! मी आई आहे त्याची, मी त्याला कधी वाट बघताना पाहिलं नव्हतं, जन्मालासुद्धा वीस दिवस आधी आलेला.

घरी येताना म्हणतो कसा, आई, पोरीनं मुद्दाम फिरवून ठेवलं होतं गं, मला उठवायला. आणि नात कानात म्हणते, आजी, बाबांनीच फिरवलं असणार, पुढं यायचं होतं ना. मी दोघांनाही म्हटलं, असेल बाई, असेल. तेवढे दोन निरोप मात्र पोचवले नाहीत. फळीवरचं खोकं त्यानं त्याच दिवशी उतरवलं, उघडलं, पक्कड बाहेर काढली, कामाला लागला.

— काय? काय म्हणालास? ठिपके कुठं होते ते पाठ होतं, मग —

फार कान देऊन ऐकतोस रे तू. दातांचं दुकान काढायचं सोडून तूही हेच काढायचंस. बरं. ऐक. बोळा फिरला तो चुकून, माझ्या डोळ्यांची शपथ. डबी मांडीवर घेतली, नऊ, दहा, साडेदहा, सगळं डोळ्यापुढं लख्ख होतं. पहिली खुंटी नऊला लावलीसुद्धा. तेवढ्यात जिन्यावर दोघं. तो म्हणतोय, आई, तिला सांग, मी अँप ठेवून लगेच मागं फिरणार आहे. ती म्हणतेय, आजी, त्यांना सांग, फिरूच देत. एका पायरीवर उभे दोघं, मध्ये एक अँप, आणि हाका मला. तेव्हा माझा हात — थरथरला नाही बाबा. अगदी नीट चालला. पहिली चारला नेली, दुसरी पुरती, अडेपर्यंत. म्हटलं, चार महिने मी हलक्या आवाजात सांगून थकले, आता तू बोंबल. बोंब उठली की तो राहायचा नाही, मला माहीत होतं. बिघडलेलं यंत्र ओरडत असलं की तो जेवणावरनंसुद्धा उठतो. आणि नसता आला तर? नसता आला तर पोरीची गिटार गेली असती, आणि मी — ते नको विचारूस. त्या तिसऱ्या खुर्चीवर मी काय काय नवस, जाऊ दे.

आला. एवढंच. आज सकाळी त्या हॉटेलातून निरोप आला, वर्षभर, दर शनिवारी, दोघंही. दारावरच्या पाटीवर दोघांची नावं लिहायचीत, कुणाचं आधी लिहायचं ते सांगायला गेलेत, आणि तिसरी खुर्ची माझी, कायमची. ह्या घराला असा शनिवार कधी लागला नव्हता रे.

तू ती करडी घे, खालच्या फळीवरची. ह्यांच्यासारखीच आहे, जरा धाकटी. नऊ, दहा, साडेदहा, आणि ठिपके देऊ नकोस, कान दे. — थांब. पावलं. ऐकतोयस? जिन्यातच वाद चाललाय, पहिली खुंटी किती फिरवायची त्यावर. थेट एकमेकांशी, ऐक, माझं नावसुद्धा नाही त्यात! ऊठ, ऊठ, हातात डबी धर, आणि तोंडातनं एक शब्द काढलास तर बघ, दाढ काढायला येईन ती तुझी काढून जाईन —

आलात होय? कोण? गिऱ्हाईक आहे, दातांचे डॉक्टर. करडी घेतायत. — मी? मी कुठं काय बोलतेय त्यांच्याशी. मला काय कळतंय त्यातलं.