मी तर वाडीले होती

माहं नाव कुंदा. माहेर जरीपटक्याचं, सासर बी जरीपटक्याचंच, गेली कुठंच नाई मी. बाबा इतवारीत भांड्याच्या दुकानापुढं बसून पोचे काढत, त्यायच्यापासून आम्ही दोघं शिकलो, मी आन माहा लहान भाऊ मिलिंद. आता घरीच करतो, माह्याच वऱ्हांड्यात.

जर्मन म्हणजे तुमचं ॲल्युमिनियम, लय नाजूक असते बाई. पोच्यावर कपड्याचा साबण घासाचा, खालून आच द्याची, साबण चहाच्या रंगाचा झाला का आच बंद, थंडं होऊ द्याचं, मंग आतून लाकडी मोगरीनं कडेकडेनं ठोकत मधात याचं. एकदम मधातच ठोकलं का पत्रा ताणते, मंग तो काही सरका, सपाट होत नाई. मिलिंदले एवढा दम कुठं. बाबा म्हणत, कुंदाचा हात आहे, याचा निस्ता जोर आहे. ते त्याच्या मनाले लागे, आता समजते मले.

तर बुद्धविहाराचा जर्मनचा गंज माह्याकडे आला होता, पौर्णिमेची खीर शिजते ते मोठं पातेलं, त्याले हा एवढा पोचा. आन तवाच माह्या पोरीले दवाखान्यात नेलं म्हणून वाडीहून, तिच्या सासरून फोन. मी मिलिंदले म्हटलं, गंजाले हात लावू नको गा, मी आल्यावर करीन. त्यानं काय केलं, काय सांगू तुम्हाले, गाडीले भरतात ते पुट्टी भरली पोच्यात, वरून चांदी रंग मारला आन विहारात नेऊन दिला.

पौर्णिमेले मी वाडीहून सरकी, घरी न जाता, विहारातच गेली. गंज चुलीवर होता. पुट्टी जळाली, काळा धूर, सगळ्या खिरीले वास लागला, ओतून द्या लागली. लेकरं ताटल्या घेऊन उभेच. कोणं केला हा गंज, लोक विचारून राहिले. मिलिंद माह्याकडे न पाहता म्हणे, ताईनं केला, ताईच करते हे काम. मी म्हटलं, मी तर वाडीले होती, आईले विचारा, ती घरीच होती. आई म्हणे, जाऊ द्या ना, होते चुकी तिच्या हातून.

मी आईकडे पाहिलं. आईच्या पदराले चांदी रंग लागला होता. तिनंच धरला होता गंज, मिलिंद पुट्टी भरून राहिला तवा.

गंज विहारातल्या लोकायनं माह्या दारात आणून ठेवला. मी पुट्टी खरवडली, साबण घासला, दोन दिवस ठोकला. आता हात फिरवा, पोचा सापडत नाई. पण विहारानं दुसरा गंज घेतला, हा न्याले कोणी येत नाई.

आई माह्याच घरी रायते. तिले गरम पोळी लागते, मी तव्यावरची देतो. मिलिंद सुखी राहो, त्याचं मी सोडलं. पण आईनं एकदा म्हणावं, कुंदे, तू वाडीले होती. लोकात नको, इथंच, जेवता जेवता. ती पोळी मोडते आन भाजीत मीठ कमी आहे म्हणते.