खडूची ओळ

दक्षिण गोलार्धातल्या जुलैचा, ऐन हिवाळ्याचा गारठा ह्यूऑन खोऱ्यावर धुकं पांघरून बसला होता. दवाखान्याच्या बाकावर मुरगळलेला पाय लांबवून नॉरीन आपला नंबर यायची वाट पाहत होती. शेजारी दोघी म्हाताऱ्या बहिणी बसल्या होत्या. थोरली सारखी खोकत होती.

"ताई, शेकोटीत जाळतेस तरी काय?"

"वखारीतलं निलगिरीचं लाकूड."

"ओलं असतं गं ते! घर आहे की धुराडं? आणि क्लेमभाऊजींनी फोडून शेडमध्ये रचलेलं, ते कुणासाठी ठेवलंयस?"

"त्याला हात लावायचा नाही."

"कोण म्हणतं?"

"क्लेमच. रचलेल्या लाकडांवर खडूनं लिहून गेलाय, 'ओलं आहे, हात लावू नकोस.'"

"अगं, त्यांना जाऊन तीन उन्हाळे झाले! हाडासारखं वाळलं असेल."

"असेल."

"मग?"

"वाळलं की ती ओळ तोच पुसायचा. दरवर्षी. आणि मग आत येऊन सांगायचा, 'उना, आता जाळ.'"

धाकटीनं मांडीवरची पिशवी उगाचच सारखी केली.

"डॉक्टर विचारतील हं, काय जाळता म्हणून."

"सांगेन वखारीतलं."

"आणि पुढच्या हिवाळ्यात?"

आतून उनाच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, नॉरीनचा दुखरा पाय जपून ओलांडला आणि दाराशी थांबली.

"शनिवारी ये. येताना एक फडकं आण."

"फडकं? तुझ्या घरात फडकी नाहीत?"

"आहेत. सगळी त्याच्याच सदऱ्यांची आहेत."